शिट्टीबाईंची सुनावणी

माझ्या सासूबाई गेल्याची बातमी भर सभागृहात मीच वाचून दाखवली. घाबरू नका, त्या ठणठणीत आहेत. मी हे लिहितेय आणि त्या स्वयंपाकघरात माझ्या कुकरला नावं ठेवतायत. त्यांच्या मते मी शिट्ट्या मोजत नाही, अंदाजाने गॅस बंद करते, आणि अंदाजाने जगणारी माणसं त्यांच्या डोक्यात जातात. पण त्या दिवसापासून आमची भांडायची पद्धत बदलली. आधी मी मनातल्या मनात भांडायचे, आता तोंडावर भांडते. त्यांनाही तेच बरं वाटतं.

सगळा परिसर त्यांना शिट्टीबाई म्हणतो. मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. पांढरे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली स्टीलची शिट्टी. निवृत्त झाल्या, बूट गेले, पण शिट्टी अजून पर्समध्ये असते. परवा बँकेत एक बाई, स्वतःचे केस पिकलेली, यांना बघून दचकली आणि रांगेत पाय जुळवून ताठ उभी राहिली. बरं, यांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. उलट म्हणाल्या, "खांदे मागे घे."

त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट एकच, आणि ती या घरात आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागते. व्हॉलीबॉलचा अंतिम सामना होता. समोरची शाळाही त्याच संस्थेची, नवी काढलेली, आणि अध्यक्षांना वाटत होतं की ढाल नव्या शाळेने न्यावी, म्हणजे नाव होईल. मुख्याध्यापिकेने यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मुली दमल्यात असं म्हणा आणि शेवटचा सेट सोडून द्या. कुणाला कळणार आहे?" या म्हणाल्या, "मला कळेल." सामना पूर्ण खेळल्या. आणि गंमत म्हणजे, हरल्या! सरळसरळ, चुरशीने खेळून हरल्या. तरी सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून यांचं मैदान काढून घेतलं आणि यांना वाचनालयात बसवलं ते थेट निवृत्तीपर्यंत. वाचनालयात शिट्टी फुंकून मुलींना गप्प करणारी बाई जगात दुसरी झाली नसेल.

माझे सासरे तेव्हा होते. ते बिचारे म्हणायचे, "माफी मागून टाक, मैदान परत देतील." यांचं उत्तर ठरलेलं, "हरलो ते आमचे आम्ही हरलो. माफी कशाची?"

खरं सांगू? मला हा किस्सा ऐकला की चिडायला व्हायचं. अरे, हरायचंच होतं तर आधी हो म्हणायला काय जात होतं? मैदान राहिलं असतं, बढती मिळाली असती, निवृत्तीवेतन वाढलं असतं. नवऱ्याला मी एकदा तसं बोललेसुद्धा. तो म्हणाला, "हे आईसमोर बोलू नकोस, मला दोघींच्या मध्ये राहायचंय." सासूशी बोलायच्या निम्म्या गोष्टी मी तेव्हा गिळूनच टाकत असे.

आता माझं. मी एका सरकारी कार्यालयात टिपणं लिहायचे. साहेब बोलणार, मी लिहिणार, खाली त्यांची सही. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी लिहून हात आणि डोकं दोन्ही बधिर झालं तेव्हा मी अभ्यासरजा काढली आणि सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. वर्गातली मुलं माझ्यापेक्षा कितीतरी लहान, मला 'ताई' म्हणणारी. अभ्यासक्रमाच्या शेवटी एक मोठी परीक्षा असते, पण ती कागदावरची नाही. तिला तिथे 'सराव' म्हणतात. एक खोटं शहर घ्यायचं, त्याला एक खरा प्रश्न द्यायचा, आणि विद्यार्थ्यांनी मंत्री, सचिव, आयुक्त वगैरे होऊन तो सोडवायचा. त्या दिवशी घड्याळ वेगळं चालतं. आपला एक तास म्हणजे त्या शहरातला एक महिना. फळ्याशेजारी महिन्यांच्या पाट्या टांगलेल्या असतात, तास झाला की पाटी उलटायची.

आणि सभागृहाच्या एका टोकाला काचेची खोली. तिचं नाव नियंत्रण. तिथे आमचे सर बसायचे. तिथून पिवळ्या चिठ्ठ्या यायच्या, 'पूर आला', 'मंत्री बदलला', 'वर्तमानपत्रात बातमी फुटली'. चिठ्ठी आली की आयुक्ताने उभं राहून मोठ्याने वाचायची, आणि वाचली की ती त्या शहरात घडली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या काचेकडे बघून कळलं. सर माणूस वाईट नव्हे. मनमिळाऊ, हातात कायम कॉफीचा मग आणि तोंडात एकच वाक्य, "सहमती ही प्रगल्भतेची खूण आहे." करार झाला, सगळ्या पक्षांच्या सह्या झाल्या, तर वर्ग चांगल्या गुणांनी पास. करार नाही तर सगळ्यांचेच गुण कापले जाणार. त्यामुळे करार झाला नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

या वर्षी मी आयुक्त होते. आणि मागच्या रांगेत नियोजन खात्याच्या एक बाई येऊन बसणार होत्या, आमच्यातून एकाला नोकरीसाठी निवडायला. स्वतःच्या सहीची नोकरी. ती मला हवी होती. हवी म्हणजे किती, तर मी आरशासमोर उभी राहून सही करायचा सराव केला होता. हसा खुशाल.

सरावातला प्रश्न असा: नदीकाठाने मोठा रस्ता जाणार, तिथली वस्ती उठवून टेकडीमागच्या इमारतींत न्यायची. त्यासाठी जनसुनावणी. आता सुनावणीला जन कुठून आणायचे? तिथली रीतच होती, प्रत्येक विद्यार्थ्याने घरातलं एखादं माणूस आणायचं. चहा-जेवण मिळायचं, आणि प्रत्येकाला एक कार्ड, तुम्ही कोण आणि तुम्हाला काय हवंय ते सांगणारं. नवऱ्याला सुट्टी मिळेना. उरल्या कोण? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना कार्ड दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"'तुम्ही वस्तीतल्या वृद्ध रहिवासी आहात. तुम्ही भावुक आहात. सुरुवातीला विरोध करा. मोठं घर आणि प्रवासखर्च मिळेल असं आश्वासन मिळाल्यावर शांत व्हा.'" त्यांनी कार्ड उलटं करून मागेही बघितलं. "भावुक कोण? मी?"

"आई, तुम्ही नाही हो. ती बाई."

"आणि शांत नाही झाले तर?"

"व्हायचंच आहे. लिहिलंय ना तसं."

"हा खेळ आहे म्हणालीस ना तू?"

"हो, एक प्रकारचा खेळच."

"मग निकाल आधी कसा लिहून आला?"

माझं कपाळ! मी हात जोडले. म्हटलं, "आई, उद्या माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तुम्हाला फक्त थोडं ओरडायचंय आणि मग बसायचंय. ओरडता तर तुम्ही फुकटसुद्धा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बघू" म्हणाल्या आणि पांढरी साडी काढून इस्त्री करायला बसल्या. त्यांचं 'बघू' म्हणजे काय हे इतकी वर्षं एका छताखाली राहून मला कळायला हवं होतं.

सुनावणी सुरू झाली ती अगदी लोण्यासारखी. सभागृहात यू आकारात टेबलं लावलेली, प्रत्येकासमोर नावाची पाटी आणि पाण्याची बाटली. माझ्या उजव्या हाताला अर्थसचिव, म्हणजे आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा. तो रोज टाय लावून यायचा म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. त्याचे काका दुकानदार झाले होते. नवीन गाळा मिळेल म्हटल्यावर ते इतक्या लवकर शांत झाले की त्यांना अजून थोडा विरोध करायची विनंती करावी लागली. सरांचे ड्रायव्हर रिक्षावाले झाले होते, ते स्टॅंड मिळाल्यावर शांत झाले. एका मुलीची मावशी तर रडली, खरं पाणी काढून, आणि वेळेवर थांबली. खात्याच्या बाई मागे बसून लिहीत होत्या. मला वाटलं, आज जमलं बुवा.

मग शिट्टीबाई उठल्या.

"मला नाही जायचं," त्या म्हणाल्या.

मी माझ्या आयुक्ताच्या आवाजात म्हणाले, "आजी, तुमची भावना आम्ही समजू शकतो. तिकडे तुम्हाला आत्तापेक्षा मोठं घर मिळेल."

"बरं."

"आणि जाण्यायेण्याचा खर्चही शासन देईल."

"छान आहे."

मी सुस्कारा सोडला. "म्हणजे तुमची संमती आहे?"

"नाही. मला नाही जायचं."

हॉलमध्ये जरा हसू फुटलं. टायवाला पुढे वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "आजी, पण कारण काय? कारण सांगा, म्हणजे आपण त्यावर उपाय काढू."

"कारण मी का देऊ?" सासूबाईंचा आवाज मैदानावरचा, त्याला माईक लागत नाही. "मी माझ्या घरात बसलेय. उठा असं तुम्ही म्हणताय. कारण तुम्ही द्यायचं, बाळ. आणि मला पटलं नाही तर मी बसूनच राहणार."

"रस्ता सगळ्यांच्या भल्यासाठी आहे."

"असेल की. मी नाही म्हणत नाही. सगळ्यांना विचार, मला तुझं भलं पटलं नाही."

मी कार्डाकडे बोट दाखवलं, डोळे मोठे केले, खाकरले. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी कार्ड पर्समध्ये घातलं आणि पर्सची चेन ओढली. सगळ्या सभागृहाला ती चेन ऐकू गेली.

काचेमागे सरांनी कॉफीचा मग खाली ठेवला. थोड्याच वेळात शिपाईमामा पिवळी चिठ्ठी घेऊन आले. मी उभी राहून वाचली, "नदीकाठच्या वस्तीतील वृद्ध रहिवासी प्रकृती बिघडल्याने रुग्णालयात दाखल."

"कोण, मी?" सासूबाई म्हणाल्या. "नाडी बघा माझी! या सगळ्या पोरांना उद्या पळवून दाखवते."

"आई, चिठ्ठी आली की ते घडलं. नियम आहे," मी हळूच म्हटलं.

नियम म्हटल्यावर त्या एकदम थांबल्या. पंचाने शिट्टी दिली की वाद घालायचा नाही, हे त्यांनीच हजार मुलींना शिकवलेलं. "कुठाय रुग्णालय?" त्यांनी विचारलं. रुग्णालय म्हणजे पाण्याच्या कूलरशेजारची एक खुर्ची. त्या तिथे जाऊन ताठ बसल्या. मग हात वर केला. "आजारी माणसाला निरोप पाठवता येतो का?"

सरांनी नाइलाजाने मान हलवली. शिपाईमामा निरोप घेऊन आले. मी उघडला. आत एकच शब्द होता, "नाही."

आम्ही बाकीचं काम पुढे रेटलं. थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. "अजूनही नाही." मागच्या रांगेतल्या खात्याच्या बाईंच्या ओठांवर हसू आलं का काय, मला नीट दिसलं नाही. मला काहीच नीट दिसत नव्हतं. कारण वस्तीच्या प्रतिनिधींच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि त्यांच्या सहीशिवाय करार पुरा होत नव्हता.

चहाच्या सुट्टीत सरांनी मला जिन्यात गाठलं. "हे बघा, चांगला आयुक्त माणसं सांभाळतो. आणि इथे तर तुमच्या घरचं माणूस आहे. बाई बघतायत." जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटलंही.

मी कूलरपाशी गेले. रुग्ण बिस्कीट खात होता.

"आई, तुम्हाला कळतंय का काय चाललंय? ही माझी नोकरी आहे! तुमच्या हट्टापायी तुमचं मैदान गेलं ते गेलं, आता माझं घालवणार?"

हे मी बोलले. इतकी वर्षं जे गिळलं होतं ते पेपरकप हातात घेऊन, चार माणसांत बोलले. त्यांचं बिस्कीट अर्ध्यावर थांबलं. मला वाटलं, आता ऐकवणार. पण त्या एकदम हळू आवाजात बोलल्या, आणि तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मला एवढंच सांग. तू सही मागतेयस ती आयुक्त म्हणून की सून म्हणून? सून म्हणून मागत असशील तर आण तो कागद, आत्ता करते. घरच्या माणसासाठी मी काहीही करेन. खेळाबाहेरची गोष्ट आहे ती."

कागद माझ्या बगलेतच होता. पेन कानामागे. 'सून म्हणून' एवढे दोन शब्द बोलायचे होते, बास. त्या समोर हात पुढे करून बसल्या होत्या. शिट्टी धरून धरून अंगठ्याजवळ घट्टा पडलेला तो हात, आणि तो माझ्यासाठी सही करायला तयार होता. मी तोंड उघडलं.

"आयुक्त म्हणून," मी म्हणाले.

का म्हणाले? तेव्हा मला सांगता आलं नसतं. रागाने म्हणाले असेन. किंवा सून म्हणून मागून मिळवलेली सही घेऊन मी पुन्हा टिपणंच लिहीत राहीन, हे आतून कुठेतरी कळलं असेल.

"मग नाही," त्या म्हणाल्या, आणि बिस्कीट संपवलं.

शेवटच्या महिन्याची पाटी आधीच उलटली होती. घंटेला अर्ध्या तासाहून कमी वेळ. तेवढ्यात शिपाईमामा आले. या वेळी त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात देताना नजर चुकवली. मी उभी राहिले आणि वाचायला लागले, आणि अर्धं वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचतेय ते.

"नदीकाठच्या वस्तीतील वृद्ध रहिवासी यांचे रुग्णालयात निधन. प्रतिनिधींच्या यादीतून नाव वगळण्यात येत आहे."

मी कूलरकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली. नियम म्हणजे नियम. मेल्या त्या, अगदी व्यवस्थित मेल्या. पांढऱ्या साडीतली ती ताठ बाई मान टाकून बसलेली बघून मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं. खोटं आहे हे माहीत असून टाकलं.

आणि शेजारून टायवाला पुटपुटला, "सुंठीवाचून खोकला गेला." मग कराराचा कागद माझ्यापुढे सरकवला. "ताई, करा सही. झालं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही, तो पोरगा हो. काचेवर. एक बाई नाही म्हणाली. तिला आधी आजारी पाडलं, तरी नाही म्हणाली, म्हणून मारून टाकलं, आणि बातमी मला वाचायला लावली, तिच्या सुनेला! आणि हे सगळं एका पिवळ्या कपट्यावर, कॉफी पिता पिता. मला एकदम ते मैदान दिसलं, 'मुली दमल्यात असं म्हणा'. माझ्या डोक्यात इतकी वर्षं न शिरलेली गोष्ट तेव्हा शिरली. त्यांनी सामना सोडला नाही तो जिंकायला नव्हे. सोडायला सांगणाऱ्याला सामना आपल्या खिशात आहे असं वाटत होतं, म्हणून.

कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसाला नियमपुस्तक मुळापासून वाचायची खोड असते. सरावाचं नियमपुस्तक कुणीतरी फार पूर्वी फार हौसेने लिहिलेलं होतं. त्यातला एक नियम कधीच वापरला गेला नव्हता, कारण सुनावणीत आजवर कुणी मेलंच नव्हतं. चिठ्ठी लिहायच्या घाईत तो काचेमागे कुणाला आठवला नाही. मला आठवला. आणि मी तो न आठवल्यासारखं केलं असतं तर कुणाला कळलं असतं? मला कळलं असतं.

मी कागद परत टायवाल्याकडे सरकवला.

"सुनावणीतल्या पक्षाचा मृत्यू झाल्यास," मी मोठ्याने म्हणाले, "वारसांना बाजू मांडता यावी म्हणून सुनावणी एक महिना तहकूब करण्यात येते. नियमपुस्तक, शेवटून दुसरं पान. सुनावणी तहकूब."

"एक महिना म्हणजे एक तास!" टायवाला ओरडला. "ताई, आपल्याकडे एक तास नाहीये!"

काचेचं दार उघडलं आणि सर स्वतः बाहेर आले. सरावात सर बाहेर येत नसत. "हे बघा, तो नियम शब्दशः घ्यायचा नसतो. आपल्याला पुढे जायचंय."

"सर, माझी सासू वारलीय," मी म्हणाले. "निदान महिनाभर तरी थांबा."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सरांचा चेहरा लाल झाला. "नियंत्रण नियम बदलू शकतं."

"बदला की. नाहीतर त्यांना जिवंत करायची चिठ्ठी पाठवा. मी वाचते. तहकुबी लगेच उठवते." मी कूलरकडे हात केला. "पण उठल्या की त्या काय म्हणतील ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही."

सर तिथेच उभे राहिले, हातात पेन आणि पिवळा कागद. त्यांनी लिहायला घेतलं, खोडलं, परत घेतलं. मेलेली बाई उठवावी तर ती नाही म्हणणार, न उठवावी तर सुनावणी बंद. टायवाल्याचे काका आपल्या खुर्चीतून म्हणाले, "मग आमच्या गाळ्याचं काय?" सासूबाई मान टाकून बसल्या होत्या, एक बोट हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या इतका वेळ गप्प बसल्या असतील. कोणाला सांगून पटणार नाही, पण त्या वेळी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत. घरात मयत झालंय म्हटल्यावर रडणारच ना माणूस.

घंटा झाली. करार नाही.

सासूबाईंनी डोळे उघडले, चष्मा लावला, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मोडली. "मेलेल्या माणसाला चहा मिळतो का बघ," म्हणाल्या.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेलच. नोकरी टायवाल्याला लागली. खात्याच्या बाई जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही चांगलं बोललात, पण आमच्याकडे कामं मार्गी लागायला हवीत." सगळ्या वर्गाचे गुण कापले गेले आणि कितीतरी दिवस माझ्याशी कुणी धड बोलेना, ताई म्हणणंसुद्धा बंद झालं. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षीच्या नियमपुस्तकातून तो नियमच काढून टाकला आणि सुनावणीला घरची माणसं बोलवायची रीतही बंद झाली. आता म्हणे विद्यार्थीच एकमेकांचे रहिवासी होतात, आणि फार लवकर शांत होतात.

मी माझ्या जुन्या टेबलावर परत गेले. साहेब बोलतात, मी लिहिते. फरक इतकाच की मला पटलं नाही तर टिपणाच्या खाली मी तसं लिहिते, आणि त्याखाली माझी सही करते. साहेबांना ते आवडत नाही. त्यांनी माझं टेबल जिन्याखाली हलवलंय. बसते तिथे.

त्या संध्याकाळी सभागृहातून आम्ही दोघी चालत घरी निघालो. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, पदपथ खणलेला होता, आणि सासूबाई खड्ड्यांच्या कडेकडेने माझ्यापुढे चालल्या होत्या. मग एकदम थांबल्या.

"घशातून बोलत होतीस," त्या म्हणाल्या. "आवाज पोटातून काढायचा. उद्यापासून गच्चीत येत जा सकाळी."

"नोकरी गेली, आई."

"हं." थोडं चालून पुन्हा थांबल्या. "मी मघाशी हात पुढे केला होता. तू मागितली असतीस तर मी केली असती सही. खरंच केली असती."

"माहितीये मला."

"मग मागितली का नाहीस?"

मी त्यांची पर्स हातात घेतली आणि पुढचा खड्डा दाखवला. घरी नवऱ्याने दार उघडलं. तो दिवसभर फोनची वाट बघत होता. आमची तोंडं बघून त्याने दबकत विचारलं, "काय झालं? हरलात?"

"हरायला सामना संपावा लागतो," सासूबाई चपला काढत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय गं, ती तहकुबी. उठवली का कुणी नंतर?"

"नाही. घंटा झाली ना. आता कोण उठवणार?"

"म्हणजे सुनावणी अजून तहकूबच आहे?"

"हो."

"आणि ती नदीकाठची घरं? उठवली नाहीत ना अजून?"

मी जरा विचार केला. कागदावरची वस्ती, कागदावरची नदी, टेकडीमागच्या न बांधलेल्या इमारती. करार नाही म्हणजे रस्ता नाही.

"नाही, आई. आहेत तिथेच."

"मग झालं तर," म्हणाल्या, आणि कुकर लावायला आत गेल्या.